‘मालक तुम्ही, काम आमची माणसे करतील’ : चहाच्या फ्रँचायझीचा तीन वर्षांचा हिशेब

जून २०२२ मध्ये मी पुण्यातील नऱ्हे भागात एका चहाच्या साखळीची फ्रँचायझी घेतली आणि तिचा तीन वर्षांचा करार जून २०२५ मध्ये संपला. कंपनीचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार एकट्या त्या कंपनीविषयी नाही. ‘तुम्ही फक्त मालक व्हा, रोजचे काम नोकरमाणसे करतील, तुम्ही मोबाइलवर लक्ष ठेवा’ हे जे आश्वासन आज शहरातील बहुतेक चहा, वडापाव आणि सँडविचच्या साखळ्या देत आहेत, त्या आश्वासनाविषयी मला लिहायचे आहे. मी ते विकत घेतले होते आणि त्याची पूर्ण किंमतही मोजली आहे. कंपनीने दिलेली एकूण सेवा पाहता मी तिला पाचपैकी अडीच गुण देईन. मात्र ज्या एका गोष्टीसाठी मी पैसे भरले, म्हणजे स्वतः न राबता दुकान चालवता येण्याची सोय, तिला पाचपैकी एकच.

प्रथम माझ्याविषयी थोडेसे, कारण असा करार करणारे बहुतेक लोक माझ्यासारखेच असावेत. बँकेत एकोणतीस वर्षे नोकरी करून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. हाती रक्कम होती, घर कोथरूडला स्वतःचे होते, मुलगी नोकरीला लागली होती आणि दिवसभर घरी बसणे जमणार नव्हते. धंद्याचा अनुभव शून्य. चहा प्यायला आवडतो, एवढीच काय ती या क्षेत्राची ओळख. हिशेब मात्र आयुष्यभर तपासले असल्यामुळे आपल्याला कोणी फसवू शकणार नाही, असा एक गैरसमज मनात होता.

कंपनीच्या कार्यालयात मला जो तक्ता दाखवण्यात आला त्यात रोज एक हजार कप चहा, दुकानाचे भाडे २५ हजार आणि प्रत्येकी १२ हजार पगाराची तीन माणसे, असे धरून महिन्याचा नफा काढलेला होता. मालकाने दिवसातून एक तास दिला तरी पुरे, असे तेथील तरुण प्रतिनिधीने सांगितले आणि मला ते खरे वाटले, कारण ते खरे असावे अशीच माझी इच्छा होती. फ्रँचायझीचे शुल्क ३ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५४ हजार, दुकानाची सजावट आणि यंत्रसामग्री साडेसहा लाख, जागेची अनामत २ लाख आणि कंपनीकडे सुरक्षा ठेव ५० हजार, असे मिळून साडेबारा लाख रुपये पहिला कप विकला जाण्याआधीच गेले. यातील ५४ हजारांबद्दल एक बारीक मुद्दा नोंदवतो, जो मला करार झाल्यानंतर सनदी लेखापालाने सांगितला. चहाच्या दुकानाला सर्वसाधारण पद्धतीने ग्राहकाकडून ५ टक्के जीएसटी घ्यावा लागतो, पण त्या दरात खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही; त्यामुळे कंपनीला दिलेल्या प्रत्येक शुल्कावरचे १८ टक्के हे आपल्यासाठी निव्वळ खर्च असतात. कंपनीच्या तक्त्यात शुल्काचा आकडा करविरहित होता.

कंपनीने जे चांगले केले ते आधी सांगणे न्याय्य होईल. दुकानाचे काम सव्वीस दिवसांत पूर्ण झाले आणि ते चांगले झाले. तीन वर्षांत फरशी उखडली नाही की फलकाचा एकही दिवा गेला नाही. चहाची कृती मोजमापाने बांधलेली होती: एक लिटर दूध, त्याच्या साधारण एक तृतीयांश पाणी, चहापूड आणि मसाल्याचे ठरलेले चमचे, उकळीचा ठरलेला वेळ. त्या कृतीने केलेला चहा खरोखर चांगला लागतो आणि एका लिटर दुधात पंधरा कप होतात. फलकावरचे नाव ओळखीचे असल्यामुळे पहिल्या आठवड्यातच गर्दी झाली. नवख्या माणसाला स्वतःच्या नावाने तेवढी गर्दी जमवायला वर्ष लागले असते. अन्नपरवाना, शॉप ॲक्टची नोंद, अग्निशमनाची उपकरणे यांची कागदपत्रे कंपनीच्या माणसाने व्यवस्थित करून दिली. फक्त एक गोष्ट तेव्हा माझ्या नीट लक्षात आली नाही. फलक कंपनीचा असला तरी अन्नसुरक्षेचा परवाना माझ्या नावाचा होता, म्हणजे उद्या कपात माशी निघाली तर उत्तर देण्यासाठी निरीक्षकासमोर मीच उभा राहणार होतो.

माणसेही कंपनीनेच दिली. चहा करणारा, ज्याला या धंद्यात चहा मास्टर म्हणतात, तो महिना २० हजारांवर. गल्ल्यावर बसणारा १५ हजारांवर. आणि कप देणे, भांडी धुणे, टेबले पुसणे यासाठी दोन पोरे प्रत्येकी १३ हजारांवर. तक्त्यातील ३६ हजारांचे येथेच ६१ हजार झाले. शिवाय ही मुले बाहेरगावची, एक नांदेडकडचा, एक नेपाळचा, दोघे उत्तर प्रदेशातील. त्यांना राहायला खोली हवी, आणि नऱ्हे परिसरात विद्यार्थ्यांमुळे खोल्यांचे भाडे चढे असल्याने महिना ९ हजार त्यावर गेले. दुकानाचे भाडेही २५ नव्हे तर ३८ हजार ठरले. कंपनीच्या प्रतिनिधीला मी हे दाखवले तेव्हा तो म्हणाला, “सर, तुमची जागा प्रीमियम आहे, कप पण जास्त जातील.”

पहिले सहा महिने मी अगदी सांगितल्याप्रमाणे मालक होतो. सकाळी घरी चहा घेताना मोबाइलवर कॅमेऱ्यातून दुकान पाहायचो, दुपारी विक्रीचे आकडे पाहायचो, संध्याकाळी तासभर जाऊन रोकड घेऊन यायचो. बँकेच्या नोकरीत जेवढा ताण नव्हता तेवढा त्या मोबाइलने दिला, कारण कॅमेऱ्यात सर्व काही दिसते आणि त्यातले काहीही करता येत नाही. सकाळी सहाला शटर उघडायला हवे. सातपर्यंत बंद दिसते. फोन लागत नाही. कोथरूडहून निघून सिंहगड रस्त्याच्या आणि पुढे बाह्यवळणाच्या गर्दीतून पोहोचेपर्यंत पाऊण तास जातो. आणि तोवर पहाटेच्या अभ्यासिकेतून बाहेर पडलेली मुले पलीकडच्या टपरीवर चहा पिऊन गेलेली असतात. अशी मुले एकदा टपरीवर गेली की पुन्हा सहजी फिरत नाहीत, हे मला पुढे समजले.

महिन्याचे आकडे येथे एकदा मांडतो, कारण असा हिशेब मला करारापूर्वी कोणी दाखवला असता तर मी वेगळा निर्णय घेतला असता. चहाचा कप १२ रुपयांना, करासह. एका कपामागे दुधाचे साधारण ४ रुपये, चहापूड आणि मसाल्याचे १ रुपया २० पैसे, साखरेचे ३५ पैसे, व्यावसायिक गॅसचे ४५ पैसे आणि कागदी कपाचे किंवा धुण्याचे ५० पैसे, असे साडेसहा रुपये जातात. कर वजा केल्यावर कपामागे सुमारे ४ रुपये ९० पैसे उरतात. बन-मस्का, क्रीमरोल आणि बिस्किटांतून महिन्याला ११ हजार. यातून भाडे ३८ हजार, पगार ६१ हजार, खोली ९ हजार, वीज व किरकोळ ८ हजार, म्हणजे एकूण १ लाख १६ हजार भागवायचे. रोज सातशे कप विकले गेले तर मालकाच्या हाती शून्य राहते. सहाशे विकले गेले तर महिन्याला सोळा हजारांचा तोटा. हजार विकले गेले तर चाळीस-बेचाळीस हजार मिळतात, आणि कंपनीच्या तक्त्यात हजारच होते. माझी पहिल्या वर्षाची सरासरी सहाशेच्या आसपास होती. मे-जूनमध्ये महाविद्यालयांना सुट्या लागल्या की ती चारशेवर उतरत असे.

‘आमची रॉयल्टी शून्य’, म्हणजे तुमच्या विक्रीतला वाटा आम्ही घेत नाही, हे वाक्य या साखळ्यांच्या जाहिरातींत हमखास असते, तेही येथेच तपासून घेऊ. करारानुसार चहापूड आणि मसाला कंपनीकडूनच घ्यायचा असतो. मला ती चहापूड किलोला ४८० रुपयांनी पडत होती आणि रविवार पेठेतील घाऊक व्यापाऱ्याकडे त्याच प्रतीची ३०० रुपयांना मिळत होती. किलोत पाचशे कप धरले तर सहाशे कपांच्या दुकानातून महिन्याला साडेसहा हजार रुपये केवळ या फरकातून कंपनीकडे जातात. हे बेकायदेशीर नाही आणि मी त्याला फसवणूकही म्हणणार नाही. चव एकसारखी राहावी यासाठी पुरवठा एका हाती असणे समजण्यासारखे आहे. मात्र मग त्याला रॉयल्टी म्हणावे आणि तक्त्यात दाखवावे. शिवाय यामुळे कंपनीचे उत्पन्न माझ्या नफ्यावर नव्हे तर माझ्या चहापुडीच्या खपावर ठरते, म्हणजे मी सोळा हजारांच्या तोट्यात असतानाही कंपनी साडेसहा हजारांच्या फायद्यातच असते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. माणसे सांभाळून दुकान चालवणे म्हणजे चोऱ्या पकडणे, अशी माझी बँकेतून आणलेली समजूत होती, आणि पहिल्या वर्षात मी तेच करत राहिलो. एक चोरी सहज सापडली. दुकानात ग्राहकांनी मोबाइलने पैसे भरले की साउंडबॉक्स रक्कम मोठ्याने सांगतो. एका शनिवारी सायंकाळी मी न कळवता गेलो तेव्हा काउंटरसमोर पंधरा-वीस माणसे उभी होती, पण साउंडबॉक्स बराच वेळ गप्प होता. जवळ जाऊन पाहिले तर आमच्या क्यूआर कोडशेजारी दुसरा, त्याच आकाराचा, गल्ल्यावरच्या मुलाच्या खात्याचा कोड ठेवलेला होता. त्याला त्याच दिवशी काढले. त्यानंतर मी कागदी कपांची मोजदाद सुरू केली: सकाळी किती कप दिले, रात्री किती उरले, यंत्रावर किती बिले फाडली. दोन आठवड्यांत आकडे जुळू लागले आणि मी स्वतःवर खूश झालो. पुढच्या दोन महिन्यांत विक्री मात्र सहाशेवरून चारशे ऐंशीवर आली, आणि सुट्याही नव्हत्या.

कारण माझ्या भाच्याने सांगितले. तो तेथे जवळच्याच वसतिगृहात राहत होता आणि भिडस्तपणामुळे इतके दिवस बोलला नव्हता. “मामा, चहा पाणचट झालाय. आम्ही हल्ली टपरीवर जातो.” मी स्वतः संध्याकाळी जो चहा प्यायचो तो नेहमीप्रमाणे उत्तम असे, कारण शेठ येणार म्हणून ते पातेले कृतीनुसारच होत असे. प्रत्यक्षात सकाळच्या आणि रात्रीच्या गर्दीत लिटरमागे पंधराऐवजी अठरा कप निघत होते. वरचे तीन कप काचेच्या ग्लासांतून जात, कारण ग्लासांची मोजणी नव्हती, आणि त्यांचे रोख पैसे गल्ल्यात येत नसत. रोजच्या दहा लिटरवर जरी हे केले तरी तीस कप म्हणजे ३६० रुपये, महिन्याला जवळपास अकरा हजार होतात. पण अकरा हजारांची चोरी हा त्यातला लहान भाग होता. रोजचे एकशेवीस कप तुटले, त्याचे महिन्याचे नुकसान साडेसतरा हजारांहून अधिक होते, आणि ते ना कॅमेऱ्यात दिसत होते, ना यंत्राच्या बिलांत, ना कपांच्या मोजणीत. दूध मागवले तेवढे आले, कागदी कप बरोबर, रोकड बरोबर. बँकेत हिशेब जुळला की प्रकरण मिटत असे. येथे हिशेब जुळलेला असतानाच दुकान बुडत होते.

कंपनीच्या विभागीय व्यवस्थापकाला बोलावले. तो आला, कृतीचा छापील तक्ता पुन्हा भिंतीवर लावला, मास्टरला दम दिला आणि ‘स्टाफवर मालकाचा वचक हवा’ असे मला ऐकवून गेला. वचक कशाच्या जोरावर ठेवायचा, हे त्याने सांगितले नाही. मला चहा करता येत नव्हता. कंपनीच्या सात दिवसांच्या प्रशिक्षणात मास्टरने हजर राहणे सक्तीचे होते आणि मालकाने येणे ऐच्छिक. मी पहिल्या दिवशी जाऊन फोटो काढून परत आलो होतो. परिणामी मास्टर जे सांगेल ते मला मान्य करावे लागे. “सर, आज दूध फाटकं आलं”, “सर, पुडीच हलकी आलीय”, “सर, गॅसला दाब नाही” यांपैकी कोणते खरे आणि कोणते खोटे हे ओळखण्याचे कसलेही साधन माझ्याकडे नव्हते. दिवाळीच्या तोंडावर त्याने पंधरा हजारांची उचल मागितली, मी दिली, आणि भाऊबीजेनंतर तो परतलाच नाही. दोन हजार जास्त पगारावर वडगावच्या दुसऱ्या साखळीत लागल्याचे कळले. कंपनीने दुसरा माणूस द्यायला अकरा दिवस घेतले आणि त्यासाठी वेगळे शुल्क आकारले. ‘माणसे आम्ही देऊ’ या वाक्यात किती वेळा आणि किती दिवसांत देऊ, हे करारात कोठेही नव्हते.

त्या अकरा दिवसांपैकी पहिल्या दिवशी मी स्वतः भट्टीजवळ उभा राहिलो. तक्ता समोर होता, चमचे मोजलेले होते, आणि तरीही एका रिक्षावाल्याने अर्धा ग्लास तसाच ठेवून “काका, आज मास्टर नाही वाटतं” असे म्हटले, ते योग्यच होते.

पुण्यातल्या माणसाने ही चूक करावी हे तर अधिकच लाजिरवाणे. अमृततुल्य या नावाने जी चहाची दुकाने या शहरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी मंडळींनी उभी केली, त्यांची रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल की शेगडी दुकानाच्या अगदी पुढे, रस्त्याकडे तोंड करून असते, आणि तिच्यामागे मालक स्वतः किंवा त्याच्या घरातला माणूस बसलेला असतो. पितळी पातेले, खलबत्त्यात कुटलेले आले-वेलदोडे, गाळणे आणि गल्ला हे सगळे त्याच्या हाताच्या अंतरावर. ती रचना आपण जुन्या काळाची गंमत म्हणून पाहतो. मला आता वाटते की ती देखरेखीची अत्यंत काटेकोर व्यवस्था होती. दुधात पाणी किती पडले हे त्या बसणाऱ्याला हिशेबाच्या वहीतून शोधावे लागत नव्हते. आजच्या साखळ्यांनी त्या दुकानांचे नाव घेतले, कुल्हड घेतले, भिंतीवर पितळी पातेल्याचे चित्र घेतले, आणि नेमका तो बसणारा माणूस अनावश्यक म्हणून वगळला.

परदेशातील ज्या साखळ्यांची उदाहरणे आपल्याला अशा सादरीकरणांत दाखवली जातात, त्यांचे नियमही येथे पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्स फ्रँचायझी देताना नुसता पैसा गुंतवून बाजूला राहणारा गुंतवणूकदार नको, स्वतः दुकान चालवणारा मालक हवा, असे धोरण ठेवते आणि त्याला महिनोन्महिने प्रत्यक्ष दुकानात काम करून शिकावे लागते. तेथीलच चिक-फिल-ए ही साखळी फ्रँचायझीचे प्रारंभिक शुल्क केवळ दहा हजार डॉलर घेते, पण मालकाने स्वतः पूर्ण वेळ दुकानात लक्ष घालावे यावर ठाम असते. म्हणजे ज्या कंपन्यांकडे यंत्रे, प्रशिक्षण आणि नियमावल्या जगात सर्वांत पक्क्या आहेत, त्या मालकाला दुकानात उभे करतात. आणि ज्यांच्याकडे भिंतीवरचा एक छापील तक्ता आहे, त्या त्याला घरी बसायला सांगतात. शिवाय तेथे संघराज्य व्यापार आयोगाच्या नियमानुसार करारावर सही करण्याच्या किमान चौदा दिवस आधी सविस्तर माहितीपत्र द्यावे लागते, ज्यात किती दुकाने बंद पडली किंवा हस्तांतरित झाली याचाही तपशील असतो. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि व्यापारचिन्हाचा कायदा यांवरच सगळे चालते. मी सही करण्यापूर्वी कंपनीने ज्या तीन दुकानांची नावे दिली ती पाहून आलो होतो. तीनही उत्तम चालत होती, आणि तिन्हींत मालक गल्ल्यावर बसलेला होता. तेवढे पाहूनही मला काही सुचले नाही.

दुसऱ्या वर्षापासून मी पद्धत बदलली. नव्या मास्टरला मी पहिल्याच दिवशी सांगितले की मला शिकव, आणि आठ दिवस त्याच्या हाताखाली भांडी घासण्यापासून उकळीचा रंग ओळखण्यापर्यंत सारे केले. त्याला आधी संकोच वाटला, नंतर त्यानेच हौसेने दूध लावण्याची खूण, पूड टाकण्याची वेळ, आले कधी घातले तर दूध फाटते, हे दाखवले. त्यानंतर आमच्या नात्यात जो फरक पडला तो कोणत्याही कॅमेऱ्याने पडला नसता. तो काही माझ्या धाकात राहिला नाही. आम्ही एकाच कामाविषयी बोलू लागलो, एवढेच. “पुडी हलकी आहे” असे तो म्हणाला तर मी चव घेऊन हो किंवा नाही म्हणू शकत होतो, आणि दोनदा तो खरेच बोलत होता, तेव्हा मी कंपनीला माल परत पाठवला. सकाळी सहा ते अकरा मी स्वतः गल्ल्यावर बसू लागलो, दुपारी एका पोऱ्यालाच गल्ला शिकवला आणि गल्ल्यावरची वेगळी जागा रद्द केली. पाचशेच्या वर जाणाऱ्या प्रत्येक कपामागे पन्नास पैसे तिघांत वाटायचे ठरवले; ग्लासांतून परस्पर चहा विकण्यापेक्षा ते त्यांना परवडू लागले. साप्ताहिक सुटी, जी आधी फक्त कागदावर होती, ती प्रत्यक्ष दिली, कारण सुटीच्या दिवशी मास्टरची जागा मी घेऊ शकत होतो. पुढच्या दिवाळीला मास्टर गावी गेला आणि सांगितलेल्या दिवशी परत आला.

विक्री हळूहळू सातशे वीसवर गेली. आता या यशाचाही हिशेब करतो. कपांचे आणि खाण्याच्या पदार्थांचे मिळून १ लाख १८ हजार. भाडे ३८, तिघांचे पगार ४६, खोली ९, वीज व किरकोळ ८, वाढीव कपांचा वाटा सव्वातीन हजार. हाती राहिले साडेतेरा हजार. महिनाभर रोज पाच तास बसून मला जे मिळाले ते मी कमी केलेल्या गल्लेवाल्याच्या पंधरा हजारांपेक्षा कमी होते. सौभाग्यवतींनी हा आकडा पाहिला आणि “साडेबारा लाख भरून नोकरी लागली म्हणायची” एवढेच म्हणाल्या. गुंतवलेल्या रकमेवरचे व्याज यात धरलेलेच नाही, तेही बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने.

तरीही ही फ्रँचायझी कोणी घेऊच नये, असे माझे मत नाही. ज्याची जागा स्वतःची आहे त्याच्या हिशेबातून ३८ हजार एकदम वजा होतात आणि गणित पूर्ण पालटते. ज्या घरातील दोन माणसे आळीपाळीने दुकानात बसू शकतात त्यांनाही ते जमेल. माझ्या ओळखीच्या एका दाम्पत्याचे धायरीतील दुकान नऊशे कपांवर चालते, सकाळी तो आणि संध्याकाळी ती. रेल्वे स्थानक किंवा मोठ्या रुग्णालयाच्या दारात, जेथे हजार कप फारसे प्रयत्न न करता जातात, तेथे पगारी माणसांवरही भागेल, पण तेथेही सकाळच्या आणि रात्रीच्या पातेल्याची चव घेणारा एक विश्वासू माणूस ठेवावा लागेल आणि त्याचा पगार तक्त्यात आधीच लिहावा लागेल. नोकरी सांभाळून जोडधंदा म्हणून, किंवा दुसऱ्या गावी राहून, किंवा परदेशातून आई-वडिलांच्या नावावर हे दुकान काढण्याचा विचार करणाऱ्यांनी मात्र वरचा सातशे कपांचा आकडा आपल्या भाड्यानुसार पुन्हा मांडून पाहावा. दुकान पाहायला जाल तेव्हा कंपनीने सुचवलेले नव्हे, तर नकाशावर स्वतः शोधलेले पाहा. सकाळी साडेसहाला आणि रात्री साडेनऊला जा, दोन्ही वेळा चहा घ्या, आणि मालक कोठे आहे असे विचारा.

करारातील आणखी दोन कलमांकडे माझे दुर्लक्ष झाले, ती थोडक्यात सांगतो. एक किलोमीटरच्या आत दुसरे दुकान देणार नाही असे लिहिले होते, पण ते अंतर सरळ रेषेत की रस्त्याने, हे लिहिलेले नव्हते. दुसऱ्या वर्षी बाह्यवळणाच्या पलीकडे नवे दुकान निघाले तेव्हा कंपनीने आपल्या सोयीचे माप लावले. आणि वाद झाल्यास लवाद कंपनीनेच नेमायचा होता.

करार संपण्याच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचे पत्र आले. शुल्क दीड लाख आणि त्यावर १८ टक्के कर. मी उत्तरात एकच मागणी केली: चहापूड बाहेरून घेण्याची मुभा नको, पण प्रशिक्षणात मालकाची सात दिवसांची उपस्थिती सर्व नव्या फ्रँचायझीधारकांना सक्तीची करा. प्रतिनिधीचा फोन आला, तो आता बढती मिळून वरिष्ठ झाला होता. म्हणाला, “सर, असं सक्तीचं केलं तर लोक फ्रँचायझी घेणारच नाहीत.” मी नूतनीकरण केले नाही. जून २०२५ मध्ये फलक उतरवून दिला, यंत्रे निम्म्या किमतीला गेली, जागा मास्टरने आपल्या मेहुण्याबरोबर भागीदारीत भाड्याने घेतली आहे आणि आता शेगडी पुढे, रस्त्याकडे तोंड करून लावली आहे. माझी ५० हजारांची सुरक्षा ठेव करारानुसार नव्वद दिवसांत परत मिळायला हवी होती. ती मिळालेली नाही. मिळाल्यास वरच्या अडीच गुणांत अर्ध्याची भर घालीन.